स्नायूंचा निरोप

सावद्याच्या मळ्यांत केळीची कापणी चालू असली की घड वाहणारे मजूर दिसतात. वीसेक किलोचा घड खांद्यावर, पायाखाली ओला पाचोळा आणि रस्त्यावरच्या गाडीपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या. या कष्टात शरीराच्या आत मोठी उलाढाल चाललेली असते. अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, इन्सुलिन उतरतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. एरवी ही साखर आत घ्यावी म्हणून इन्सुलिनला स्नायूपेशीचं दार ठोठावावं लागतं. राबणारा स्नायू ते आतून उघडतो. पेशीतली ऊर्जा खर्च होऊ लागताच एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि ग्लुट-४ ही साखर वाहून नेणारी प्रथिनं पेशीच्या आवरणाशी येतात. शिवाय स्नायू स्वतःही रक्तात निरोप सोडतो. इंटरल्यूकिन-६ सारख्या या रेणूंना कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन आणि सहकाऱ्यांनी मायोकाइन हे नाव दिलं.

आमच्या भागात ठिबक आलं, रात्री-अपरात्री पाणी भरायला जाणं थांबलं. शेतापर्यंतची पायपीट मोटरसायकलने वाचवली. हे चांगलंच झालं. पण ताटातली तुपात भिजलेली बट्टी तीच राहिली आणि घरोघरी साखरेच्या गोळ्या आल्या. अंगाने सडपातळ माणसंही मधुमेहातून सुटत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे मांडले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. नुसत्या वजनकाट्यावर विसंबणं आपल्याला परवडणारं नाही.

वरणबट्टी जेवून मी बसून राहिलो, तर ग्लुकोमीटरवरचा आकडा चढलेला दिसतो. जेवणानंतर फैजपूर रस्त्याने चालून आलो, की तो बराच खाली असतो. मात्र व्यायामाने इन्सुलिनला मिळालेली ही साथ एक-दोन दिवसच टिकते. कालचं चालणं परवाला पुरत नाही. शेतातले बाकीचे कष्ट यंत्रावर सोपवता आले, हे एक काम मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं. आणि ते सगळ्यांना करता यावं, ही गावाची जबाबदारी आहे. अंधार पडल्यावर बायकांनाही निर्धास्त चालता येईल असा दिव्यांचा रस्ता गावाला हवा. दवाखान्याइतकीच त्याचीही निकड आहे.