अपूर्णांकाला हात न लावता

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. अँड्रॉइड फोनवर नकाशा उघडा. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं मागे पडतील आणि निळा ठिपका दक्षिणेकडे सरकत राहील. नुसतं त्याच्याकडे पाहा.

त्याची जागा अपूर्णांकात मोजली जाते: अक्षांश १८ आणि पुढे दशांशांची रांग. हा हिशेब प्रोसेसरच्या ३२ खास रजिस्टरांत, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांत चालतो. प्रत्येकात १२८ बिट, सगळी मिळून ५१२ बाइट.

आता मोबाइलच्या टॉवरकडून काही येतं, व्यत्यय येतो आणि हिशेब अर्ध्यावर थांबतो. ताबा कर्नलकडे, म्हणजे अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्सच्या गाभ्याकडे जातो. साध्या ३१ रजिस्टरांतलं सगळं तो आधी जपून ठेवतो, आपलं काम उरकतो आणि होतं तसं परत मांडतो. अपूर्णांकांच्या रजिस्टरांना मात्र शिवतही नाही. नकाशाचं अर्धवट गणित तिथेच पडून आहे. इथे थोडं थांबा.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एक डोळा संपवून क्षणभर उठला, समजा. तेवढ्यात कुणी त्याच्या वाटीत आपला ब्रश बुडवला, तर छटा बदलेल. दुसरा डोळा पहिल्याशी जुळणार नाही, आणि का, ते त्याला कधीच कळणार नाही. नकाशाचंही तसंच होईल: फोन बंद पडणार नाही, फक्त उत्तर चुकेल. मला सर्वांत जास्त भीती अशाच चुकीची वाटते.

म्हणून कर्नल तयार करताना कंपायलरलाच, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनालाच, बजावलेलं असतं की साधीच रजिस्टरं वापर. कूटबद्धीकरणासारख्या कामाला ती मोठी रजिस्टरं लागलीच, तर आधी त्यांतलं सगळं जपून ठेवायची सोय करायची, मगच हात लावायचा. जपून ठेवण्याचा हा खर्च प्रत्येक व्यत्ययाला कशाला?

मग कर्नलला स्वतःला अपूर्णांक लागला तर? यंत्रावरच्या कामाच्या भाराची सरासरी तो दर ५ सेकंदांनी काढतो, आणि त्यासाठी १ म्हणजे २०४८ धरतो. साडेतीन म्हणजे ७१६८. एका मिनिटाच्या सरासरीसाठी जुन्या आकड्याला १८८४ने गुणायचं, नव्या भाराला उरलेल्या १६४ने, बेरीज करायची आणि २०४८ने भागायचं; भार उतरत असेल तर बाकी सोडून द्यायची.

सावकाश करून पाहा. भार १ होता आणि आता काहीच काम नाही. २०४८ वरून १८८४. पुढच्या ५ सेकंदांनी १७३३. मग १५९४. घाई नको. अशा १२ पायऱ्यांत मिनिट भरतं आणि मूळ भाराचा साधारण ३७ टक्के भाग उरतो.