फावल्या वेळात कोणाचे फावते?

सोमाटणे फाट्याच्या अलीकडे, जुन्या मुंबई-पुणे महामार्गाचा गोंगाट भिंतीआडून अखंड ऐकू येतो अशा एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक वृद्ध आजी गेली तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यांना कम्युनियन देण्यासाठी मी जातो. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन शाळकरी नातवंडे. सून एका रुग्णालयात परिचारिका आहे. (आमच्या धर्मग्रामात 'सिस्टर' अशी हाक मारली की कधी मठातल्या वळतात, कधी या वळतात, आणि दोघी एकत्र असल्या की आमची पंचाईत होते.)

गेल्या डिसेंबरातील पहिल्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा त्या नुकत्याच रात्रपाळी संपवून आलेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकले आणि थबकलो. पलंगावर पांढरी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर एक शाल चारी बाजूंनी ताणून टाचण्यांनी जखडून ठेवलेली होती. कडेच्या प्रत्येक टोकाला एक टाचणी. सगळ्या मिळून तीनशेच्या खाली खचित नसाव्यात. मधल्या जाळीत पाने, वेली, लहानमोठी छिद्रे, सारे इतके नितळ उमटलेले की काचेवर धुके गोठून बसावे. पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर एक चटई आणि उशी टाकलेली दिसली. मी पाहतो आहे हे ध्यानी येताच त्या म्हणाल्या, "आज मी खाली झोपणार, फादर. पलंग हिला दिलाय."

मी कौतुकाने म्हणालो, "फावल्या वेळात काय सुंदर काम करता हो तुम्ही!"

हातातल्या टॉवेलची घडी घालीत, आवाज मुळीच न चढवता, त्या म्हणाल्या, "मला फावला वेळ असतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी प्रार्थना केली, आजींना ख्रिस्तशरीर दिले, चहा घेतला आणि परतलो. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर आले. वाचकहो, त्या एका वाक्यापायी हा लेखप्रपंच.

प्रथम ती शाल झाली कशी ते सांगितले पाहिजे, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. दोन सुयांवरचे जाळीचे विणकाम म्हणजे छिद्रांची मांडणी. दोरा सुईच्या पुढे घेतला की एक छिद्र पडते आणि एक टाका वाढतो. म्हणून जवळच कुठेतरी दोन टाके एकत्र विणून तो वाढलेला टाका परत करावा लागतो. हा हिशेब एके ठिकाणी चुकला तर दहा ओळींनंतर पान वेलीला सोडून भलतीकडे जाते. त्यासाठी जाणत्या विणकरणी दर काही ओळींनी टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवतात. चूक झालीच तर तेवढ्यापर्यंतच उसवायचे. त्याखालचे सुरक्षित राहते. (पापनिवेदनावरील प्रवचनात हे उदाहरण वापरण्याचा मोह मला झाला होता. आवरला.)

सुयांवरून उतरते तेव्हा हे काम चुरगळलेल्या चिंधीसारखे दिसते. पाहणाऱ्याला वाटावे, इतक्या महिन्यांचे हेच का फळ? मग ते कोमट पाण्यात भिजवायचे, पिळायचे नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचे आणि ओले असतानाच ताणून टाचण्या लावायच्या. लोकरीच्या तंतूंतील काही सूक्ष्म बंध पाण्याने सुटतात आणि सुकताना नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणून वाळल्यावर टाचण्या काढल्या तरी नक्षी उघडीच राहते. हे मेंढीच्या खऱ्या लोकरीबाबत. बाजारात लोकर म्हणून जे ॲक्रिलिक मिळते त्यावर नुसत्या पाण्याचा असा परिणाम होत नाही. त्याला उष्णता लागते. आणि मावळात पावसाळ्यात तर रुमालही सुकत नाही, मग शाल कोठून सुकणार? भाद्रपदात सुयांवरून उतरलेली शाल म्हणूनच त्यांनी डिसेंबरच्या कोरड्या हवेपर्यंत ठेवून दिली होती.

विणायला अकरा महिने लागले. लोणावळा-पुणे लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर, सासूबाईंना भरवून त्या झोपेपर्यंत, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत, मुलांचे पाढे ऐकताना. कामावर असताना सुया पिशवीतून बाहेर निघत नाहीत. म्हणजे तो वेळ आधीच कशात तरी गुंतलेला होता. त्यांनी तो दुसऱ्यांदा वापरला.

आता आपला शब्द पाहा. फावणे म्हणजे मिळणे, साधणे, सवड होणे. पण तोच शब्द आपण आणखी एका अर्थाने योजतो: मालक झोपला आणि चोराचे फावले. या शब्दाला लाभाचा वास आहे, आणि तो लाभ बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी गैरसोयीतून झालेला असतो. तेव्हा एखाद्या बाईच्या कामाला आपण 'फावल्या वेळचे' म्हणतो, तेव्हा कोणाचे फावते, हा प्रश्न नुसता शब्दखेळ ठरत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला निवांतपणाची थोरवी शिकवली गेली होती. ग्रीक भाषेत निवांतपणाला 'स्खोले' म्हणतात. इंग्रजी 'स्कूल' त्यातून आले. (आपल्या 'शाळे'चा त्याच्याशी संबंध नाही, उच्चारसाम्यावर जाऊ नये.) लॅटिनमध्ये 'ओतिउम' म्हणजे निवांतपणा, आणि कामधंदा म्हणजे त्याचा नकार, 'नेगोतिउम'. आपण निवांतपणासाठी धडपडतो, असे ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या दहाव्या ग्रंथात मांडतो. जर्मन विचारवंत जोसेफ पीपर यांनी १९४८ साली, महायुद्धाने उद्ध्वस्त झालेला त्यांचा देश फक्त कामाचाच विचार करीत असताना, याच विषयावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. संत थॉमस अक्वायनस आळसाला शब्बाथाच्या आज्ञेविरुद्धचे पाप मानतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे आळशी मनुष्य कमी काम करतो एवढेच नव्हे. त्याला खरे विसावताही येत नाही.

हे सारे मला आजही पटते. या परिचारिकाबाई लोकलमध्ये विणताना ज्या तंद्रीत असतात तिला मी 'स्खोले'च म्हणेन. हात चालू, डोळे खाली, मन एका जागी. पण त्याच ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रात आणखी एक गोष्ट लिहिली आहे. मागावरचे धोटे आपोआप विणू लागले तर धन्यांना गुलामांची गरज उरणार नाही, अशा आशयाचे ते विधान आहे. निवांतपणावर इतके सुंदर लिहिणाऱ्या मनुष्याच्या अंगावरचे वस्त्र कोणीतरी विणत होते आणि त्या कोणाला निवांतपणा नव्हता. तरुणपणी परीक्षेसाठी मी दोन्ही पुस्तके वाचली. दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहण्याचे मात्र सुचले नाही.

जाळीच्या शालींचा इतिहासही हेच सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटे आहेत. तेथील उन्स्ट बेटावरच्या बायका इतकी तलम शाल विणीत की ती लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येई. जळणाच्या मातीची टोपली पाठीवर घेऊन चालताना त्यांचे हात मोकळे राहत. म्हणून कमरेच्या पट्ट्यात सुई खोचून त्या चालता चालता विणीत. पाठीवर ओझे असलेल्या बाईचे हात 'मोकळे' होते, हे लक्षात घ्यावे. १८७२ साली ब्रिटिश सरकारच्या आयोगाने या बेटांवरील व्यवहारांची चौकशी केली. तीत नोंदले गेले की व्यापारी या बायकांना शालींच्या मोबदल्यात बहुधा रोख पैसे देत नसत. चहा, कापड असा दुकानातला माल देत. माल नको, पीठ घ्यायला पैसे हवेत, असे म्हणण्याची सोय नव्हती.

आपल्या देशातील आंध्रच्या नरसापूर भागाची कथा याहून निराळी नाही. तेथे क्रोशाची लेस १९ व्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवली. हेतू चांगला होता: गरीब बायकांना घरबसल्या चार पैसे मिळावेत. पुढे तो निर्यातीचा मोठा धंदा झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील लेसकाम करणाऱ्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. घरकाम सांभाळून या बायका दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणीत होत्या आणि किमान वेतनाच्या मानाने त्यांना फारच थोडे मिळत होते. त्याचे समर्थन काय, तर या गृहिणी आहेत, कामगार नव्हेत. रिकाम्या वेळात विणतात. सहा-आठ तासांचा रिकामा वेळ! तो शब्द नसता तर तो धंदा त्या दराने चालला नसता.

दूर कशाला जावे? घोंगडी आपण विणणाऱ्याच्या नावाने ओळखतो. तिचे सूत घरच्या बायकांनी काढलेले असते. १९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्या गौरवात तासांचा उल्लेख कोणी ऐकला आहे काय? आमच्या चर्चमध्ये वेदीवरील वस्त्राला क्रोशाची लेस असते. तिच्यावर हात टेकून मी रोज मिस्सा अर्पण करतो, पण माझ्या आधीच्या वस्त्राची लेस कोणी विणली हे मला ठाऊक नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. या २९९ मिनिटांच्या फटीत फावला वेळ शोधायचा, आणि त्यात शाल.

आता माझ्या अपराधाविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, सणाच्या जत्रेत विक्रीसाठी एका बाईने क्रोशाचे मोठे टेबलक्लॉथ दान दिले. लवकर खपावे म्हणून मी त्यावर माझ्या हाताने २५० रुपयांची चिठ्ठी लावली. पाच मिनिटांत ते गेले. मी ध्वनिक्षेपकावरून आनंदाने तसे जाहीरही केले. ती बाई समोरच उभी होती. काही बोलली नाही. नंतर कोणीतरी सांगितले की नुसते सूतच ३०० रुपयांहून अधिकचे होते.

बराच काळ मी स्वतःची समजूत घालीत असे की ते दान होते, दानाला मोल लावायचे नसते. ही समजूत खोटी आहे, हे मला सोमाटण्याच्या त्या चटईपाशी उमगले. मी तिला पैसे दिले नाहीत हा माझा दोष नव्हे. तिला ते नकोच होते. तिचे तास शून्य धरून मी हिशेब केला, हा दोष. तो वेळ शून्य मोलाचा असेल तर तिने दिले तरी काय? फक्त सूत. रिकामा वेळ दिला म्हणजे काहीच दिले नाही. म्हणजे तिचे दान स्वीकारताना मी ते दान होते हेच नाकारले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात मांडले की कामाची प्रतिष्ठा प्रथमतः ते करणाऱ्या व्यक्तीमुळे ठरते, त्यातून निघणाऱ्या वस्तूमुळे नव्हे. ते परिपत्रक मी शिकलो होतो. त्यावर व्याख्यानेही दिली होती.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो खुद्द त्या परिचारिकाबाईंनीच घेतला. जानेवारीत गेलो तेव्हा मी विचारले, एकूण किती तास लागले असतील? त्यांनी हात झटकले. "ते मोजू नका, फादर. दिवसभर मी मोजतच असते. नाडी, सलाईनचे थेंब, गोळ्या. तास मोजायला लागले तर ही पण ड्यूटीच होईल." मी म्हटले, टाके तर मोजता ना? "टाके मोजावेच लागतात," त्या हसून म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. दानाचा हिशेब दात्याच्या डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपल्याला परिचित आहे. पण ती शिकवण दात्याच्या हाताला उद्देशून आहे. घेणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत असे तीत कोठेही नाही. त्यांनी तास न मोजणे हा त्यांचा अधिकार. मी न मोजणे ही माझी सोय. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात; म्हणूनच तर इतकी वर्षे खपून गेली.

शाल कोणासाठी, हेही विचारले. त्यांच्या वॉर्डातील एक आया मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या, त्यांच्यासाठी. "त्या ती कपाटात ठेवतील बघा, वापरणार नाहीत," असेही त्यांनी सांगितले, आणि त्याचे त्यांना काही वाटत नसावे. तेवढ्यात पिशवीतून नवी लड निघाली, राखी रंगाची. गुंडा करायचा होता, मुले शाळेत गेली होती. त्यांनी मला खुर्चीत बसवले, दोन्ही हात समोर धरायला लावले आणि लड हातांवर चढवून दोरा गुंडाळायला सुरुवात केली. घड्याळ माझ्या मनगटावर, लोकरीखाली. अकरा वाजता मला तळेगावात एका आजाऱ्याकडे पोहोचायचे होते. मी मान वाकडी करून पाहण्याचा प्रयत्न केला, तोच आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला, "फादर, हात हलवू नका, गुंता होतो."