कायमचे वायू

दोस्तहो, आपल्यातली काही पोरं बैठकीत ठासून सांगतात, वर्गीकरण म्हटलं की विषमता आलीच. हे ऐकून बाहेरचा टोमणा मारतो, जात मोडायची म्हणता, मग जातीचा दाखला कशाला काढता? प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. त्याच्या उत्तरासाठी शाळेतलं रसायनशास्त्र उघडू.

तिथंही वर्गीकरण आहेच. स्थायू, द्रव, वायू. पण बर्फ, पाणी, वाफ यांचा रेणू एकच. उष्णता नि दाब बदलला की अवस्था बदलते. अवस्था म्हणजे स्वभाव नव्हे.

शास्त्रज्ञही इथं फसले होते. १८४५च्या सुमाराला फॅरडेनं दाब नि थंडी देऊन बरेच वायू द्रव केले. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन मात्र बधेनात. त्यांना नाव पडलं ‘कायमचे वायू’. १८६९त अँड्र्यूजनं कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून दाखवलं, की एका ठरावीक तापमानाच्या वर वायू कितीही दाबा, तो द्रव होत नाही. ऑक्सिजनसाठी ते तापमान उणे ११८ अंश सेल्सियसच्या आसपास. म्हणजे खोट वायूत नव्हती, परिस्थितीत होती. १८७७त ऑक्सिजन द्रव झाला, १९०८त हेलियमसुद्धा. ‘कायमचे’ हा शब्द खोटा पडला. वायूचं गेल्या जन्मीचं पाप कुणी काढलं नाही.

आता ‘शुद्ध’ हा शब्द घ्या. रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एकच पदार्थ, दुसरं काही मिसळलेलं नाही. बस्स. त्यात मोठेपणा नाही. शुद्ध आर्सेनिक माणूस मारतं. तळ्याचं पाणी तर क्षार विरघळलेलं मिश्रणच. २० मार्च १९२७ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले, त्यानं त्या मिश्रणात काय बदललं? काही नाही. मागून सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ करायला शेण-गोमूत्र ओतलं. शास्त्राच्या हिशेबानं भेसळ झाली ती तेव्हा!

म्हणजे वर्गीकरण हा गुन्हा नव्हे. त्याला दोन सवाल विचारायचे. ते तपासता येतं का? खोटं ठरलं तर बदलतं का? वर्णव्यवस्था दोन्हीत नापास. पण माणसाच्या बाबतीत तिसरा सवाल लागतो. वायूला नावाचं दुःख नसतं, माणसाला असतं. म्हणून ज्याला खान्यात कोंबलं, त्याला तोंड उघडायची मुभा आहे का? गुणकर्मावरून चातुर्वर्ण्य लावू म्हणणारे इथंच आडवे होतात. गुण कोण मोजणार, हे ते सांगत नाहीत.

आणि दाखला? थर्मामीटर ताप मोजतो, ताप आणत नाही. अनुसूचित जातींची यादी ही झालेली इजा मोजायला आहे, माणसाची किंमत ठरवायला नव्हे. तीही चुकते. १९५६त धम्म घेतलेल्यांना केंद्राच्या यादीनं बाहेर ठेवलं. आपली माणसं भांडली, आणि १९९०त बौद्ध तिच्यात आले. बोलता आलं, म्हणून ती बदलली.

ताप उतरला की थर्मामीटर आपणच कपाटात ठेवू. तोवर, तो फोडा म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, ताप कुणाच्या अंगात आहे, भाऊ?

जयभीम.