तिवी बेटांवरचा फुटबॉल आणि आपलेपणाचा प्रश्न

तिवी आयलंड्स फुटबॉल लीग ही ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या बाथर्स्ट आणि मेलव्हिल या बेटांवरची स्थानिक स्पर्धा आहे. दोन्ही बेटांची मिळून वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या घरात, आणि तीही बहुतांशी तिवी आदिवासींची. इथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळला जातो: लंबगोल चेंडू, प्रत्येक संघात १८ खेळाडू आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. हा खेळ बेटांवर ख्रिस्ती मिशनने आणला. म्हणूनच लीगचा इतिहास एका धार्मिक-तात्त्विक प्रश्नाशी येऊन भिडतो. सत्ता हाती असलेल्या परक्यांकडून आलेली गोष्ट एखाद्या समाजाची खरोखर स्वतःची होऊ शकते का?

कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस झेवियर ग्सेल यांनी १९११ मध्ये बाथर्स्ट बेटावर मिशन स्थापन केले. तिवी रिवाजानुसार मुलींची लग्ने लहानपणीच वयस्क पुरुषांशी ठरत. ग्सेल यांनी कापड, अवजारे, पीठ अशा वस्तू देऊन त्या मुलींवरचा हक्क सोडवून घेतला आणि त्यांना मिशनमध्ये वाढवले. ही सुटका होती की समाजव्यवस्थेवरचा घाला, हा वाद अजून शमलेला नाही. याच मिशनमध्ये १९४१ मध्ये ब्रदर जॉन पाय यांनी मुलांना फुटबॉल शिकवला. प्रार्थना, शाळा आणि खेळ ही तिन्ही एकाच हातांनी दिली गेली.

पुढची पावले मात्र तिवी खेळाडूंची आहेत. डार्विनमध्ये कामाला गेलेल्या तिवी पुरुषांना खेळता यावे म्हणून १९५२ मध्ये तिथे सेंट मेरीज क्लब निघाला. तिवी खेळाडू डेव्हिड कँटिला १९६१ मध्ये अॅडलेडच्या साउथ अॅडलेड संघात दाखल झाले आणि १९६४ च्या विजेतेपदात सहभागी होते. १९६९ मध्ये बेटांची स्वतःची लीग उभी राहिली. मोरिस रिओली यांनी १९८२ मध्ये, तर तिवी बेटांशी कौटुंबिक नाते असलेले मायकल लाँग यांनी १९९३ मध्ये मेलबर्नमधील प्रमुख लीगच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक मिळवले.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेत हा खेळ हिवाळ्यात रंगतो, तिवी बेटांवर भर पावसाळ्यात. चेंडू निसरडा, मैदान चिखलाने भरलेले, पुष्कळ खेळाडू अनवाणी. जमिनीलगतचा चेंडू धावता धावता उचलण्याचे कसब याच मैदानांवर मुरले. मार्चमधील अंतिम सामन्याला बाथर्स्ट बेटावरील वुरुमियांगा गावात विमानांनी आणि बोटींनी हजारो पाहुणे येतात; त्याच दिवशी तिवी चित्रे आणि कोरीवकामाची विक्रीही असते.

एखादी गोष्ट कुणाची, हे तिच्या उगमावरून ठरवण्याकडे सर्वसाधारण कल असतो. पण उगमाचा शोध फार दूर नेत नाही. खुद्द या खेळाचे १८५९ चे मेलबर्नमधील नियम घडवणाऱ्यांवर आदिवासींच्या ‘मार्नग्रूक’ या चेंडूच्या खेळाचा प्रभाव होता का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. अधिक भरवशाची कसोटी वेगळी आहे: ती गोष्ट चालवतो कोण, पुढच्या पिढीला शिकवतो कोण आणि तिच्यातले उत्तम काय हे ठरवतो कोण? या कसोटीवर फुटबॉल तिवी आहे.

धर्मालाही हीच कसोटी लागू पडते. बेटांवर कॅथलिक मास होतो आणि मृतांसाठीचा पुकुमनी विधीही होतो. त्या विधीतले रंगवलेले खांब आणि वंशपरंपरागत नृत्ये टिकून आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८६ मध्ये अॅलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींसमोर मांडलेला विचार याच दिशेचा होता: आदिवासींचे योगदान आनंदाने स्वीकारल्याशिवाय ऑस्ट्रेलियातील चर्च पूर्णत्वाला पोहोचणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आत्मसात करणे हे श्रेष्ठ मानले, तर लादणाऱ्याचा दोष आपोआप पुसला जात नाही का? तसे होत नाही. घेणाऱ्याची सर्जनशीलता हे घेणाऱ्याचे श्रेय आहे; ते देणाऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. मिशनने मुलांना कुटुंबांपासून तोडले असेल, तर त्याचा जाब स्वतंत्रपणे द्यावाच लागेल. खेळ मिशनने आणला हे खरे. तो आपला केला तिवी लोकांनी, आणि लीगच्या इतिहासाचा मान त्यांचाच आहे.