कूव्रेचे श्रेय

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचे छोटे गाव आहे. ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेलचा जन्म इथे झाला. त्याचे घर आता संग्रहालय आहे. वडील सिमाँ-रने खोगीर-लगाम बनवणारे कारागीर. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या खोलीत कातड्याशी खेळत असताना टोकदार हत्यार निसटून डोळ्यात घुसले. जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत मुलगा पूर्ण आंधळा झाला.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एक धागा जोडतात : ज्या आरीने दृष्टी घेतली, तशाच टोकाने पुढे लिपी दिली. ऐकायला हे सुंदर वाटते, पण त्यात श्रेय नियतीला जाते आणि माणसे बाजूला राहतात.

गरिबाघरच्या आंधळ्या मुलाच्या वाट्याला त्या काळी बहुधा भीकच यायची. सिमाँ-रनेने मुलाला काठी घेऊन चालायला शिकवले. लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरे केली आणि त्यांवरून त्याची बोटे फिरवली, असे सांगतात. गावचे धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवायला सुरुवात केली. गावच्या शाळेने त्याला डोळस मुलांच्या रांगेत बसवले. नुसते ऐकून तो वर्गात चमकू लागला, तेव्हा १८१९ मध्ये त्याला पॅरिसच्या अंधशाळेत पाठवण्यात आले. तो दहा वर्षांचा होता.

लिपीचा जन्मही एकट्या प्रतिभेतून झालेला नाही. शार्ल बार्बिए यांची उठावाच्या ठिपक्यांची पद्धत शाळेत आली होती. तिच्या एका चिन्हात १२ पर्यंत ठिपके असत. ते एका बोटाखाली मावत नसत, शिवाय ती शुद्धलेखन सोडून केवळ उच्चार नोंदवायची. पंधराव्या वर्षी लुईने सहा ठिपक्यांची मांडणी उभी केली. तीत ६३ चिन्हे होतात आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात कळते. तरीही डोळस शिक्षकांचा ओढा डोळ्यांना परिचित असलेल्या उठावाच्या रोमन अक्षरांकडेच राहिला. वाचणार कोण, हा प्रश्न त्यांनी वाचणाऱ्यांना विचारला नाही. १८५२ मध्ये लुई क्षयाने गेला. शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

१९५२ मध्ये फ्रान्सने त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. हात मात्र कूव्रेच्या दफनभूमीतच ठेवले गेले. राष्ट्राने थोर पुरुष नेला, गावाने त्याचे हात राखले. ही वाटणी मला न्याय्य वाटते, कारण ते हात घडायला सुरुवात इथेच झाली होती.

थोरांच्या जन्मगावी आपण बहुधा पाळणा, खोली, जन्माची नोंद शोधतो. पण जन्म कुठेही होऊ शकतो. कूव्रेचा मान तिथल्या शिक्षकाने आणि धर्मगुरूने मुलाला नाकारले नाही, यात आहे. १९५१ मध्ये भारताने भारती ब्रेल स्वीकारली आणि मराठीही त्या सहा ठिपक्यांत मांडली गेली. मराठी पुस्तकावर बोट फिरवणाऱ्या मुलीवरही त्या गावाचे ऋण आहे. ते फेडण्याचा मार्ग स्मारकातून जात नाही. आपल्या गावच्या शाळेत अशी मुलगी पहिल्या दिवशी दाराशी आली की तिला आत कुठे बसवायचे, हे आधीच ठरलेले असावे.