मोटारीची खोळ

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात नवी वस्तू आली की तिच्या मागोमाग तिची खोळ येते. हा क्रम सहसा चुकत नाही. रेडिओ आला तेव्हा त्याच्यावर वेलबुट्टीचा रुमाल आला. टेलिव्हिजन आला तो तर सरकत्या दाराचं लाकडी कपाट घेऊनच आला, आणि त्या दाराला कुलूपही होतं. पुढे मिक्सरला झबलं आलं, फ्रिजच्या मुठीला मोजा आला, रिमोटला प्लॅस्टिकचा अंगरखा आला; त्यातून बटणावरचे आकडे दिसत नाहीत, पण आकडे पुसले जात नाहीत हे समाधान मोठं. आमच्या ओळखीच्या एका घरात सोफ्याला खोळ आहे. पाहुणे आले की ती काढायची असा रिवाज आहे, आणि पाहुणे आले की ‘आपलेच तर आहेत’ म्हणून ती काढली जात नाही. त्या सोफ्याचा रंग मी सोळा वर्षांत पाहिलेला नाही. चांगला असावा.

तेव्हा निवृत्तीच्या पैशातून आमच्या दारात मोटार उभी राहिली आणि चाकाखालचं लिंबू फुटायच्या आत सौभाग्यवतींनी विचारलं, “हिच्यावर घालायला काय आणायचं?” यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. सोलापूरच्या माणसाला तर मुळीच नाही. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव जगाला पांघरूण घालत आलं आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. एवढ्या मोठ्या घराण्यात येऊन आमची मोटार उघडी राहिली असती तर गावाचं नाव गेलं असतं.

दुकानात मी शेजारच्या मास्तरांना घेऊन गेलो. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, विषय शास्त्र. त्यांनी वीस वर्षं एक जुनी फियाट सांभाळली होती, म्हणून गल्लीत मोटारीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा.

“काय पाहिजे काका? कव्हर?” दुकानातला पोरगा म्हणाला. “गाडी आत लावताव का रस्त्यावर?”

त्यानं एकेक काढून पसरायला सुरुवात केली. एक चंदेरी, पातळ, लग्नातल्या मिठाईच्या कागदासारखं. एक ताडपत्रीसारखं जाड. एक तीन थरांचं, आतून मऊ अस्तर असलेलं. एकाला तर दोन्ही बाजूंच्या आरशांसाठी कानटोपीसारखे खिसे होते. पोरगा चंदेरीवर थांबला. “हे घ्या. पूर्ण वॉटरप्रूफ. पाण्याचा थेंब आत जाणार नाही.”

“आणि आतला थेंब बाहेर?” मास्तरांनी विचारलं.

“आत कुठला येवालाय थेंब?”

झालं. चाळीस वर्षांच्या सवयीनं मास्तरांचा हात खडूसाठी खिशाकडे गेला. जमिनीतून, हवेतून वाफ येते. रात्री पत्रा थंड झाला की ती त्याच्यावर दव होऊन बसते. कापडाला श्वास असेल तर ती निघून जाते. प्लॅस्टिक असेल तर तिथंच कोंडते, आणि सकाळी ऊन चढलं की गाडीला वाफारा मिळतो. रंगावर डाग पडतात ते असे. “सर्दी झालेल्या माणसाला जे चांगलं, ते मोटारीला वाईट,” मास्तर म्हणाले. पोरानं चंदेरी कव्हर निमूटपणे घडी केलं.

परतताना मास्तरांनी मला रंगाची गोष्ट सांगितली, ती दुकानात मिळण्यासारखी नव्हती. त्यांच्या फियाटचा रंग म्हणजे वरपासून खालपर्यंत रंगच. उन्हानं वरचा पापुद्रा खडूसारखा भुकटी व्हायचा, रविवारी पॉलिश घासलं की फडकं निळं व्हायचं आणि खालून नवा रंग वर यायचा. आजच्या मोटारीचं तसं नाही. रंगाचा थर खाली, आणि त्याच्यावर पारदर्शक थर. चकाकी असते ती या वरच्या थराची, आणि त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. केसानं गळा कापतात हे मला ठाऊक होतं. आपली सगळी चिंता केसाहून पातळ असते हे मला साठी उलटल्यावर कळलं.

“आता तुम्ही कव्हर घालणार,” मास्तर म्हणाले, “गाडीवर धूळ असताना. वारा सुटणार, कव्हर हलणार. धुळीत असते वाळू, आणि वाळूतली गारगोटी त्या थरापेक्षा कितीतरी कठीण. म्हणजे तुम्ही गाडीला रात्रभर पॉलिश कागद घासणार. तोही स्वतःच्या पैशानं आणलेला.”

“मग धूळ झटकून घालतो.”

“झटकताना काय होतं? तेच.”

“मग धुऊन घालतो.”

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आमच्या अंगणातल्या सिन्टेक्सच्या टाकीकडे पाहिलं.

परगावच्या वाचकांसाठी इथं थोडं सांगायला हवं. उजनीचं धरण याच जिल्ह्यात आहे, पण नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी यायचं अशी कितीतरी वर्षं या शहरानं काढली आहेत. इथल्या माणसाला वार विचारला तर तो ‘पाण्याच्या आदल्या दिवशी’ असं उत्तर देतो. अशा गावात नळी लावून मोटार धुणं ही नुसती स्वच्छता नव्हे, ते सामाजिक वर्तन आहे. कठड्याकठड्यावरून डोळे लागतात. मोटार ओल्या कपड्यानं आणि एका बादलीत धुतली तर माणूस सज्जन. दुसरी बादली घेतली तर त्याचा पुढारी झाला. मग एवढं करून धुतलेली मोटार वाळवायची, कारण ओल्या अंगावर कव्हर घालायचं नाही. उन्हात वाळवायची तर तापते, आणि तापलेल्या अंगावरही कव्हर घालायचं नाही. एप्रिल-मेत पारा ४२-४३ वर गेला की आमच्याकडे मोटार रात्री अकराला निवते. म्हणजे रंग वाचवायचा तर निवृत्त माणसानं रात्री अकरा वाजता, अंधारात, कोरड्या, स्वच्छ, थंड मोटारीला हलक्या हातानं पांघरूण घालावं, आणि सकाळी मंडईत जायचं असल्यास ते काढून, धूळ आत जाणार नाही अशी घडी करून ठेवावं. आमच्या दोन्ही मुलांचं मिळून मी एवढं केलेलं नाही.

बरं, न घालावं तर? अंगणात कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत मोटार लावली तर ऊन वाचतं, पण त्याच सावलीत साळुंक्या आणि कावळेही राहतात, आणि त्यांना वरच्या थराची जाडी कुणी सांगितलेली नाही. दुपारी रंग तापून किंचित मऊ होतो, संध्याकाळी आकसतो, आणि आकसताना त्या वाळलेल्या शिंतोड्याचा खडबडीतपणा नेमका उचलून ठेवतो. नंतर शिंतोडा निघतो, ठसा राहतो.

अशा कात्रीत सापडलं की माणूस विचारवंत होतो. मीही झालो. पहिला प्रश्न मला असा पडला, की हा रंग आहे कुणासाठी? मी आत बसतो. आतून मला समोरचं थोडं बॉनेट दिसतं, बाकी बसची मागची बाजू दिसते. माझ्या मोटारीचा रंग दिसतो तो लोकांना. आणि कव्हर घातलं की तो लोकांनाही दिसत नाही. बैलावर झूल घालतात ती बेंदराला, पोळ्याला, त्याला मिरवायच्या दिवशी. मोटारीची झूल ती मिरवत नाही त्या दिवसांची. मग राहिला कोण? राहिला तो आठ-दहा वर्षांनी येणारा गिऱ्हाईक. तो येणार, मोटारीभोवती फिरणार, ‘रंग ओरिजिनल आहे’ म्हणणार आणि पाच-दहा हजार जास्त देणार. त्या न पाहिलेल्या माणसासाठी मी रात्री अकरापर्यंत जागायचं!

हे मी तावातावानं घरात बोलून दाखवलं. सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “मामंजींच्या चादरी आठवतात का?”

आठवतात. माझे वडील गिरणीत हजेरी कारकून होते. त्यांच्या अंगावर मी कायम एकच चादर पाहिली. मूळची हिरवी असावी, नंतर तिला रंग असा राहिला नव्हता. थंडी फार झाली तर तिच्यावर ते जुना कोट टाकत. ते गेल्यावर कपाट उघडलं तर खालच्या खणात पाच कोऱ्या सोलापुरी चादरी निघाल्या. लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. डांबराच्या गोळ्या मात्र ताज्या होत्या. दर दिवाळीला बदलत असणार. आई म्हणाली, “पाहुण्यांसाठी ठेवल्यात.” पाहुणे पूर्वी यायचे, आठ-आठ दिवस राहायचे, गड्ड्याच्या जत्रेला तर अंगण भरायचं. मग हळूहळू ते सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं जाऊ लागले. चादरी वाट बघत राहिल्या. ज्या पाहुण्यांसाठी त्या होत्या ते शेवटी तेराव्याला आले, आणि त्या रात्री त्या गच्चीवर पसरल्या गेल्या.

या गोष्टीवरून वडील चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरातली बरी वस्तू दुसऱ्यासाठी ठेवायची, यात काहीतरी सरळ, सभ्य होतं. माझा तो न पाहिलेला गिऱ्हाईकही एका अर्थी पाहुणाच की. पण त्या रात्री गच्चीवर मी कोरी चादर अंगावर घेतली आणि ती टोचली. सोलापुरी चादर पहिल्या काही धुण्यांपर्यंत अशीच असते, अंगाशी बोलत नाही. आणि खाली खुंटीवर टांगलेली ती बिनरंगाची चादर हाताला सायीसारखी लागत होती.

कबीर विणकरच होता. आमच्या पूर्व भागात जन्मला असता तर त्याला माग मिळाला असता आणि तेलुगूही आली असती. देहाला चादर म्हणणारं त्याचं भजन सर्वांना माहीत आहे. इतरांनी ती मळवली, आपण जपून वापरली असं तो सांगतो, आणि आपल्याकडे त्यातला ‘जपून’ तेवढा सगळ्यांनी उचलला. ‘वापरली’ कडे कुणाचं लक्ष नाही. घडी करून डांबराच्या गोळ्यांत ठेवली, असं तो म्हणत नाही.

मी हे मास्तरांना ऐकवलं. शास्त्राचा माणूस भजनानं विरघळत नाही. ते म्हणाले, “चादर धुतल्यानं मऊ होते. मोटारीचा रंग धुतल्यानं मऊ होतो का? तो जातो. नुसता जातो. वापरून वाढणाऱ्या वस्तू वेगळ्या, वापरून संपणाऱ्या वेगळ्या.”

हे मला मान्य करावं लागलं, आणि त्यानं माझी दोन दिवसांची झोप गेली. मग आमच्या कामाला येणाऱ्या मेकॅनिकनं तोड काढली, तीही नकळत. पलीकडच्या गल्लीत एकांची मोटार वर्षभर कव्हराखाली होती. मालक मुलाकडे परदेशी. आल्यावर कव्हर काढलं तर रंग आरशासारखा. किल्ली फिरवली, बॅटरी मेलेली. टायर एकाच जागी बसून खालून चपटलेले. बॉनेट उघडलं तर आत उंदराचं बाळंतपण, आणि वायरी कुरतडलेल्या. “कव्हर असलं की त्यास्नी बरं पडतंय,” मेकॅनिक म्हणाला, “अंधार असतोय, ऊब असतीय.” म्हणजे रंग वापरून संपतो, पण बाकीची मोटार न वापरल्यानं संपते. मास्तर यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे प्रश्न रंगाचा नाहीच. किती दिवस उभी, त्याचा आहे.”

शेवटी मी तीन थरांचंच कव्हर आणलं. श्वास घेणारं, आतून मऊ, आणि पोटाखालून पट्टा आवळता येतो असं, कारण फडफडणारं कव्हर हा पॉलिश कागदच. पण ते फक्त आठ दिवसांहून जास्त गावाला जाताना घालायचं, असं ठरवलं. एरवी कडुलिंबापासून दोन हात दूर पत्र्याचं छप्पर टाकून घेतलं. साळुंकीचा प्रसाद दिसला की वाळायच्या आत ओल्या फडक्यानं भिजवून उचलायचा, घासायचा नाही. दुसऱ्या बादलीला हात लावायचा नाही. यात रंगाची पूर्ण सोय होत नाही हे मला ठाऊक आहे. कव्हराबरोबर एक पिशवी फुकट आली होती. कव्हर मळू नये म्हणून. त्या पिशवीला काही घालावं का, असं सौभाग्यवतींनी विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

परवा नातवानं सायकल मोटारीला टेकवली आणि दारावर चांगली वीतभर रेघ उठली. मास्तर भिंग घेऊन आले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि रेघेवरून आडवं नख फिरवलं.

“अडकत नाही,” ते म्हणाले. “वरच्या थरातच आहे.”

“म्हणजे किती गेलं?”

“पन्नासातले दहा धरा.”

सौभाग्यवती तोवर डबा घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. “चाळीस राहिले ना?” त्या आतून म्हणाल्या. “मग चला, ऊन व्हायच्या आत अक्कलकोट गाठू. मास्तर, तुम्ही येताय का? पुढे जागा आहे.”

मास्तरांनी भिंग खिशात टाकलं आणि चपला घालायला गेले.