मुठीतल्या पाच कवड्या

एकाने मुठीत कवड्या धरल्या आहेत आणि तो दुसऱ्याला विचारतो, किती? दुसरा बेधडक सांगतो, पाच. मूठ उघडते आणि कवड्या पाचच निघतात. त्याला ते माहीत होते का? बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात हा प्रसंग योजला, तो प्रमेची, म्हणजे खऱ्या ज्ञानाची व्याख्या मोडून दाखवण्यासाठी. वस्तू जशी आहे तसाच तिचा अनुभव येणे म्हणजे प्रमा, असे नैयायिक सांगत. पाच म्हणणाऱ्याच्या मनात आलेली संख्या वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळते, आणि ती जुनी आठवणही नाही. व्याख्येच्या सगळ्या अटी पुऱ्या होतात, तरी त्याला ते माहीत होते असे म्हणायला जीभ रेटत नाही. हे जीभ न रेटणे हा पुरावा आहे, असे मी म्हणतो. तत्त्वज्ञांची कल्पित उदाहरणे म्हणजे रिकामटेकड्यांची कोडी, हा समज त्यामुळेच मला चुकीचा वाटतो.

कवड्यांच्या उदाहरणात एक उणीव आहे, ती आधीच मान्य करू. तो माणूस नुसता ठोकून देतो, त्याच्यापाशी आधार काहीच नाही. तेव्हा व्याख्येत ‘सबळ आधार हवा’ एवढी भर घातली की काम भागेल, असे कोणी म्हणेल. पण श्रीहर्षाच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाने ही वाटही तपासून ठेवली होती. मांस भाजण्यासाठी कोणीतरी नुकताच विस्तव पेटवला आहे. धूर अजून उठलेला नाही, पण वासाने चिलटांचा थवा वर जमला आहे. लांबून पाहणाऱ्याला तो थवा धुरासारखा दिसतो आणि तो ठरवतो की तिथे अग्नी आहे. अग्नी आहेच. दुसरा माणूस वाळवंटात मृगजळाला पाणी समजून धावतो, आणि नेमक्या त्याच जागी खडकाखाली त्याला खरे पाणी सापडते. हे दुसरे उदाहरण मला अधिक जिव्हारी लागणारे वाटते, कारण ते धर्मोत्तराच्या स्वतःच्याच परंपरेवर उलटते. जे ज्ञान दगा देत नाही, ज्याच्या भरवशावर निघाले की हवे ते पदरात पडते, ते प्रमाण, असे त्या परंपरेतल्या धर्मकीर्तीने म्हटले होते. इथे तहान भागली, दगा झाला नाही, आणि तरीही मृगजळ पाहणाऱ्याला पाण्याचा पत्ता होता असे म्हणता येत नाही. ज्या परंपरेत माणूस वाढला तिच्याच व्याख्येला तो असा भार लावून पाहतो, यात बौद्धिक प्रामाणिकपणा आहे.

1963 साली एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने अवघ्या तीन पानांचा लेख लिहिला. सत्य असलेली आणि साधार असलेली समजूत म्हणजे ज्ञान, ही व्याख्या त्याने दोन कल्पित प्रसंगांनी पाडली. त्यातल्या एकात कवड्यांच्या जागी खिशातली दहा नाणी आहेत. नोकरीसाठी अर्ज केलेल्या स्मिथला सबळ पुराव्यावरून वाटते की नोकरी जोन्सला मिळणार. जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने मोजून पाहिले आहे. म्हणून तो म्हणतो, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याला पत्ता नसताना त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. धर्मोत्तराचा हेतू वेगळा, श्रीहर्षाचा त्याहून वेगळा. श्रीहर्षाला तर कोणतीच व्याख्या टिकत नाही हे दाखवायचे होते. तरीही तिघांची बोटे एकाच भेगेवर पडली. आणि ती भेग केवळ पंडितांना दिसली असेही नाही. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडावी, त्याला आपण काकतालीय न्याय म्हणतो. लाकूड पोखरताना किड्याकडून चुकून अक्षर उमटले, तर तो घुणाक्षर न्याय. किड्याला लिहिता येते असे मात्र कोणी म्हणत नाही.

आक्षेप असा की योगायोगाने जुळलेले सत्य म्हणजे ज्ञान नव्हे, ही जाणीव सगळ्यांची असते कशावरून? 2001 साली वाइनबर्ग, निकोल्स आणि स्टिच या तत्त्वज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना असे प्रसंग वाचायला दिले, तेव्हा पाश्चात्त्य घरांतल्या आणि भारतीय उपखंडातून आलेल्या घरांतल्या मुलांचे कौल वेगळे पडले. आक्षेप गंभीर होता, आणि तो प्रत्यक्ष चाचणीतून आला हे चांगलेच झाले. पण नंतरच्या चाचण्यांत तो फरक टिकला नाही. ब्राझील, भारत, जपान आणि अमेरिका अशा चार देशांत माशेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत बहुतेकांनी योगायोगाने जुळलेल्या सत्याला ज्ञान म्हणायला नकारच दिला. आठव्या शतकातले ग्रंथ समोर असते, तर पहिल्या निष्कर्षाबद्दल आधीच शंका आली असती.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक खोल जातो. पाणी मिळाले ना, मग ते ज्ञान होते की नशीब, याचा काथ्याकूट कशाला? प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातही हाच प्रश्न आहे: लारिसाचा रस्ता ज्याला माहीत आहे आणि ज्याचा अंदाज बरोबर आहे, ते दोघेही लारिसाला पोचतातच. एकट्या वाटसरूपुरते हे खरे आहे. पण माणूस दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. मृगजळ पाहून पाणी मिळवलेल्या माणसाने गावात येऊन ‘मला पाण्याच्या खुणा कळतात’ असे सांगितले, तर त्याच्या मागून निघणारा तांडा वाळूत मरेल. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याने पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ती स्वतः पाहिलेल्यानेच द्यावी अशी अट घातली होती. एखादी ऐकीव गोष्ट पुढे खरी निघू शकते, हे काय कायदा करणाऱ्यांना कळत नव्हते? त्यांना साक्षीदाराची वाट तपासायची होती, कारण उलटतपासणी त्या वाटेचीच होऊ शकते. मूठ उघडल्यावर कवड्या कोणालाही मोजता येतात. न्यायाधीशासमोरची मूठ पुष्कळदा कधीच उघडत नाही.